दीडशेला एक

कोकण रेल्वेच्या खिडकीशी बसलेला माणूस बोगदे मोजतो, पावसाळा असला तर धबधबे बघतो. रुळाच्या कडेने अधूनमधून एक बुटका खांब मागे पळतो, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. या खांबाला दोन हात असतात, एक अलीकडच्या बाजूला, एक पलीकडच्या. हात वर उचललेला असेल तर तिकडे चढ, झुकलेला असेल तर उतार, आडवा असेल तर सपाटी. हातावर आकडा रंगवलेला असतो. आकडा १५० असेल तर १५० मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर चढतो किंवा उतरतो. रेल्वेत या खांबाला ग्रेडियंट पोस्ट म्हणतात. त्यावरच्या आकड्याला आपण या प्रकरणात 'दीडशेला एक' म्हणू.

आणखी दोन पाट्या आठवून बघा. एक किलोमीटरची पाटी, जी मार्गाच्या आरंभापासूनचे अंतर सांगते. दुसरी स्टेशनची पिवळी पाटी. तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. अंतर, उंची आणि चढ, एवढे तीन आकडे हाती आले की पुढचा रूळ कुठे किती उंचीवर असणार हे जागेवरून न उठता सांगता येते. अर्थात, चढ बदलेपर्यंतच. गणितात यालाच रेषेचे समीकरण बिंदू-चढ रूपात लिहिणे म्हणतात:

य − य१ = म (क्ष − क्ष१)

क्ष म्हणजे अंतर, य म्हणजे उंची. शाळेच्या पुस्तकात ही अक्षरे इंग्रजी असतात, अर्थ तोच. क्ष१ आणि य१ ही आपल्याला पक्की ठाऊक असलेली जागा, म हा चढ. डावी बाजू विचारते, 'या जागेपासून किती वर?' उजवी बाजू सांगते, 'जितके पुढे गेलात, त्याला चढाने गुणा.' पाठ करण्यासारखे यात काही नाही. चढ म्हणजे उंचीतला फरक भागिले अंतरातला फरक, ही व्याख्या ज्याला कळली त्याला हे सूत्र आपोआप मिळते, कारण त्या व्याख्येतला भागाकार गुणाकारात फिरवून लिहिला की हेच उरते.

शाळेत मात्र या रूपाच्या वाट्याला सावत्रपणा येतो. य = मक्ष + क हे दुसरे रूप सुटसुटीत दिसते, आलेखावर चटकन काढता येते, त्यामुळे तेच लाडके. बिंदू-चढ रूप म्हणजे तिथवर पोचण्याची एक पायरी, असा मुलांचा समज होतो. उत्तर बिंदू-चढ रूपातच सोडले तर 'सरळ रूप द्या' असा शेरा येतो. रत्नागिरीच्या परिसरात रेल्वे कशी बांधली गेली हे बघितले, की या शेऱ्यातला अन्याय ध्यानात येतो.

कोकणपट्टीची ठेवणच रेल्वेच्या मुळावर उठलेली आहे. सह्याद्री पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, मध्ये अरुंद पट्टी. नद्या डोंगरातून निघून समुद्राकडे धावतात: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी. दोन नद्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे आणि डोंगराचे फाटे. नद्या पूर्व-पश्चिम आणि रेल्वेला जायचे उत्तर-दक्षिण, म्हणजे प्रत्येक खोरे आडवे कापायचे, प्रत्येक सोंड पार करायची. रस्त्याने गेलात तर घाट चढायचा, खाली पुलावर उतरायचे, पुन्हा घाट. मुंबई-गोवा महामार्गाच्या प्रवाशाला हे सांगायला नको.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. मार्ग आखताना ठरले, की चढ कुठेही दीडशेला एकपेक्षा तीव्र ठेवायचा नाही. हे किती सौम्य आहे बघा. भोर घाटात, म्हणजे कर्जत ते लोणावळा या १८६३ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर, ३७ ला १ असा चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिने लागतात. १,००० टनांची गाडी ३७ ला १ या चढावर ओढायची तर नुसत्या चढापायी सुमारे २७ टनांचा जादा जोर लागतो. दीडशेला एकवर तो पावणेसात टनांच्या आत राहतो. कोनात मोजले तर दीडशेला एक म्हणजे अंशाचे जेमतेम चार दशांश. डोळ्याला तो चढ दिसतही नाही. तरी चोवीस डब्यांची गाडी, डबा सुमारे २४ मीटरचा धरला, तर अशा चढावर पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा पावणेचार मीटरहून थोडे वर असते. मागच्या डब्यातला प्रवासी आणि पुढच्या डब्यातला प्रवासी यांच्यात एका मजल्याहून जास्त फरक, आणि दोघांच्या चहाचा कप मात्र तसाच स्थिर.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, खऱ्या पाट्यांवरचे नव्हेत. समजा रोह्यापासून, म्हणजे मार्गाच्या आरंभापासून, २०० किलोमीटरवर रुळाची उंची ९० मीटर आहे आणि तिथून पुढे वर उचललेल्या हाताची पाटी आहे: १५०. अंतर किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये आहे, तेव्हा आधी चढाची एकके जुळवायला हवीत. १५० मीटरला १ मीटर म्हणजे किलोमीटरला सहा पूर्णांक दोन तृतीयांश मीटर, २०/३. ही पायरी गाळून म च्या जागी सरळ १/१५० घातले तर ३ किलोमीटरमध्ये गाडी अवघे २ सेंटिमीटर चढते असे उत्तर येते. बरोबर समीकरण असे:

य − ९० = (२०/३)(क्ष − २००)

२०३ व्या किलोमीटरला काय? क्ष − २०० म्हणजे ३, त्याला २०/३ ने गुणले की २०. उंची ११० मीटर. परतीच्या गाडीचे काय? तिच्यासाठी म बदलायची गरज नाही. चढ दीडशेला एक असाच मागेही असेल, तर १९७ व्या किलोमीटरला क्ष − २०० उणे ३ होतो, उंची आपोआप २० ने घटून ७० येते. पाटीला दोन हात लागतात, समीकरणाला एकच म पुरतो.

आता हेच समीकरण लाडक्या रूपात लिहून बघा. कंस सोडवला, ९० उजवीकडे नेले, की य = (२०/३)क्ष − १२४३ आणि वर एक तृतीयांश. हा उणे १२४३ म्हणजे काय? क्ष शून्य असताना, म्हणजे रोह्याला, रुळाची उंची. समीकरणाच्या म्हणण्यानुसार रोहा स्टेशन समुद्राच्या पोटात सव्वा किलोमीटर खोल आहे! गणित चुकलेले नाही. २०० किलोमीटरवर जो चढ आहे तो रोह्यापर्यंत मागे ताणला तर असेच होणार. पण तो आकडा कुणाच्या कामाचा? रुळावर काम करणाऱ्या माणसाला २०० व्या किलोमीटरची उंची ठाऊक असते, चढ ठाऊक असतो, आणि हे दोन्ही बिंदू-चढ रूपात जसेच्या तसे दिसतात. 'सरळ' केलेल्या रूपात खरी जागा पुसली जाते आणि तिच्या ठिकाणी एक काल्पनिक पाताळ येते.

कोणता बिंदू घ्यायचा, याचीही मुले काळजी करतात. रेषेवरचा कोणताही चालतो. समजा चढ दिलेलाच नाही, दोन जागा दिल्या आहेत: २०० किलोमीटरला ९० मीटर आणि २०६ ला १३० मीटर. चढ ४० भागिले ६, म्हणजे २०/३. पहिला बिंदू घेतला तर वरचेच समीकरण. दुसरा घेतला तर य − १३० = (२०/३)(क्ष − २०६). शेजारी बसलेल्या दोघांनी दोन वेगळे बिंदू घेतले तर उत्तरे वेगळी दिसतात आणि दोघेही घाबरून खोडरबर शोधतात. दोन्ही समीकरणे ३ ने गुणून मोकळी केली तर एकच निघते: २०क्ष − ३य = ३७३०. रेषा एक, ती ज्या जागेवरून बघाल तसे तिचे वर्णन. संगमेश्वरला काम करणारा इंजिनिअर संगमेश्वरजवळचा बिंदू घेईल, निवसरचा निवसरजवळचा.

जाता जाता एक बारकावा. अंतर रुळावरून मोजायचे की नकाशावर, आडवे? काटेकोर गणितात आडवे. पण दीडशेला एकवर १ किलोमीटर रूळ मोजला तर आडवे अंतर त्याहून सव्वादोन सेंटिमीटरही कमी भरत नाही. म्हणून रेल्वे या फरकाकडे खुशाल डोळेझाक करते.

रत्नागिरी स्टेशन सुटले आणि गाडी निवसरच्या दिशेने निघाली, की पानवल नदीचे खोरे आडवे येते. तिथला पूल ४२४ मीटर लांब आहे आणि त्याची उंची ६४ मीटर. इथे एवढा उंच पूल का बांधला, याचे उत्तर बिंदू-चढ रूप एका ओळीत देते. काठावरचा बिंदू शून्य अंतरावर आणि तळापासून ६४ मीटर उंचीवर धरू. दीडशेला एकने उतरायचे:

य − ६४ = −(१/१५०) क्ष

य शून्य कधी होईल? क्ष ९,६०० मीटर झाल्यावर. तळाशी पोचायलाच साडेनऊ किलोमीटरहून जास्त उतरण लागेल आणि पलीकडे चढायला तेवढीच. ४२४ मीटरच्या खोऱ्यासाठी १९ किलोमीटरांचा वळसा. पुलाच्या निम्म्या लांबीत, २१२ मीटरमध्ये, गाडी फार तर १ मीटर ४१ सेंटिमीटर खाली येऊ शकते. दरी ६४ मीटर खोल आणि परवानगी दीड मीटरचीही नाही. भोर घाटाचा चढ इथे चालवला असता तर २,३६८ मीटरमध्ये तळ गाठता आला असता. म्हणजे म चा एक आकडा लहान ठेवायचा हट्ट धरला आणि त्याची किंमत उंच पूल आणि लांब बोगद्यांच्या रूपाने मोजली. संपूर्ण कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आहेत.

पानवलचा पूल ज्या रीतीने उभा राहिला तीही रेषेच्या गणिताला धरून आहे. खोल दरीत खालून टेकू लावून वर काँक्रीट ओतणे परवडणारे नव्हते. म्हणून पुलाचा माथा एका काठावर तुकड्यातुकड्याने ओतला आणि तयार झालेला भाग जॅकने खांबांवरून दरीच्या पलीकडे सरकवत नेला. मागे नवा तुकडा जोडायचा, पुन्हा सगळे पुढे ढकलायचे. ही रीत चालायची तर पुलाने स्वतःच्याच वाटेवरून घसरत गेले पाहिजे. त्याचा कुठलाही भाग पुढे सरकला तरी आधीच्या भागाच्या जागेत चपखल बसला पाहिजे. असा गुण सरळ रेषेत असतो किंवा एकाच त्रिज्येच्या वर्तुळाकार वळणात. मध्येच चढ बदलणारा पूल असा ढकलता येत नाही, तो पुढच्या खांबावर एकतर आपटेल, नाहीतर अधांतरी राहील. काठावरचा एक बिंदू आणि एक चढ ठरला, की पहिल्या ढकलीपासून शेवटच्या ढकलीपर्यंत सगळे ठरले.

आता जरा फ्रान्समध्ये जाऊन येऊ, कारण या समीकरणाचा उगम मातीकामात आहे. रेषेला समीकरण असते ही कल्पना सतराव्या शतकातली, फर्मा आणि देकार्तची. देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा. पण रेषा बिंदू आणि चढ यांच्या साहाय्याने आजच्यासारखी लिहिलेली सापडते ती जवळजवळ दीडशे वर्षांनी, गास्पार मोंज याच्या एका निबंधात. गणिताचा इतिहासकार कार्ल बॉयर याने त्याचे श्रेय मोंजला दिले आहे. मोंज लष्करी इंजिनिअरांच्या शाळेत शिकवत असे. हा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७८१ च्या खंडात आहे, छापून आला १७८४ मध्ये. विषय काय, तर एका ठिकाणी खणलेली माती दुसऱ्या ठिकाणच्या भरावात कमीत कमी श्रमात कशी न्यावी. तटबंदी बांधणाऱ्यांचा तो रोजचा प्रश्न होता. त्या प्रश्नाने पुढे गणिताची एक मोठी शाखा जन्माला घातली. त्याच शाखेत काम केलेल्या लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाला १९७५ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मोंजचा प्रश्न कोकणात तंतोतंत उभा राहतो. रुळाची रेषा कागदावर ठरली की जमिनीची उंची तिच्याशी ताडून बघायची. जमीन रेषेच्या वर असेल तिथे कटिंग, खाली असेल तिथे भराव. प्रत्येक चेनेजला, म्हणजे आरंभापासून मोजलेल्या प्रत्येक ठरावीक अंतराला, बिंदू-चढ समीकरणातून रुळाची उंची काढायची आणि तिच्यातून जमिनीची उंची वजा करायची. उणे आले तर तेवढे खोदा, अधिक आले तर तेवढे भरा. कटिंगमधून निघालेली माती जवळच्या भरावात खपली तर उत्तम, नाहीतर ट्रकच्या फेऱ्या वाढतात. चढ किंचित कमीजास्त केला की सगळा हिशेब बदलतो. म्हणून आखणी करणारे इंजिनिअर रेषा पुन्हा पुन्हा वरखाली करून बघतात. शिवाय जांभ्याखालची चिकणमाती पावसाळ्यात सुटते, त्यामुळे कटिंग फार खोल गेले तर पुढे दरवर्षी दरड कोसळण्याची धास्ती. कागदावरचा स्वस्त चढ पावसाळ्यात महाग पडू शकतो.

कटिंग आवाक्याबाहेर खोल जाऊ लागले की बोगदा. रत्नागिरीच्या उत्तरेला उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुड्याचा बोगदा आहे, लांबी साडेसहा किलोमीटर. असा लांब बोगदा खणताना आतल्या माणसाला ना समुद्र दिसतो ना डोंगराचा माथा. त्याच्याजवळ असते बोगद्याच्या तोंडाशी पक्की केलेली उंची, म्हणजे बेंचमार्क, आणि नकाशावर दिलेला चढ. एक बिंदू आणि एक चढ. रोजच्या खोदाईनंतर सर्व्हेअर लेव्हल लावतो, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायला सांगतो, तोंडापासूनचे अंतर बघतो आणि तळ कुठे असायला हवा हे काढतो. बिंदू-चढ रूप याहून नागड्या स्वरूपात दुसरीकडे बघायला मिळणे कठीण.

लांब बोगदे दोन्ही तोंडांनी खणतात आणि पाणी बाहेर वाहून जावे म्हणून पुष्कळदा मध्ये उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार देतात. करबुड्याचे आकडे न घेता आपला एक मनातला बोगदा घेऊ, ६,००० मीटर लांबीचा. उत्तरेचे तोंड ६० मीटर उंचीवर, तिथून आत दीडशेला एक चढ. दक्षिणेचे तोंड ६५ मीटरवर, तिथून आत दोनशेला एक चढ. उत्तरेच्या तोंडापासून अंतर मोजले तर दोन रेषा अशा:

य − ६० = (१/१५०) क्ष

य − ६५ = −(१/२००)(क्ष − ६०००)

दुसरीत उणे चिन्ह आहे, कारण आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजतो आणि त्या दिशेने तो भाग उतरता आहे. दोन्हींतला य सारखा ठेवून सोडवा. क्ष ३,००० येतो, य ८०. दोन्ही तुकड्या बरोबर मध्यावर, ८० मीटर उंचीवर भेटतील. हे आकडे मी मुद्दाम जुळवलेले आहेत. खऱ्या बोगद्यात असे गोंडस उत्तर क्वचितच येते.

आता चूक झाली तर काय होते बघा, कारण दोन प्रकारच्या चुका अगदी वेगळ्या वागतात. उत्तरेचा बेंचमार्क ५ सेंटिमीटरने चुकला, तर सगळी रेषा ५ सेंटिमीटरने उचलली जाते आणि भेटीच्या जागीही फरक ५ सेंटिमीटरच राहतो. पण चढ चुकला, १५० ऐवजी १४० धरला गेला, तर तोंडाशी काहीच कळत नाही. १०० मीटर आत गेल्यावर फरक पावणेदोन इंचाहून थोडा अधिक. ३,००० मीटरवर तो वाढून १ मीटर ४३ सेंटिमीटर होतो. दक्षिणेकडून आलेल्या माणसांना समोरची जमीन कमरेपेक्षा उंच लागेल. बिंदूतली चूक जिथल्या तिथे राहते, चढातली चूक अंतराबरोबर वाढत जाते. म्हणून लेव्हल एकदा मारून भागत नाही, पुन्हा पुन्हा तपासावी लागते. घराच्या सांडपाण्याच्या पाइपला ढाळ देणारा गवंडीही हे जाणतो. पहिले दोन जोड बरोबर दिसले म्हणून तो नळी गुंडाळून ठेवत नाही, शेवटच्या चेंबरपर्यंत पाणसळ लावून बघतो.

८० मीटरवरच्या त्या भेटीत एक अडचण उरते. एकीकडून चढ, दुसरीकडे उतार, दोन रेषा भेटल्या की टोक तयार होते, आणि गाडीला टोक चालत नाही. डब्यांच्या जोडांवर हिसका बसतो, वेग जास्त असेल तर चाकांवरचा भार क्षणभर हलका होतो. म्हणून ते टोक तासून तिथे दोन्ही रेषांना स्पर्श करणारे उभे वळण बसवतात. अशा वळणासाठी बहुधा अन्वस्त निवडतात, कारण त्यावर चढ ठरावीक अंतराला ठरावीक मापाने बदलत जातो. आपल्या बोगद्यात तो अधिक १/१५० पासून सुरू होऊन उणे १/२०० पर्यंत येईल आणि वाटेत एका जागी शून्य होईल. ती सगळ्यांत उंच जागा ३,००० मीटरवर नसते, किंचित दक्षिणेला सरकलेली असते, कारण उत्तरेचा चढ अधिक तीव्र आहे आणि तो जिरायला जास्त अंतर लागते. या वळणावर म सतत बदलतो, तेव्हा एकच रेषा पुरत नाही. पण एखाद्या चेनेजला उभे राहून त्या जागेची उंची आणि त्या जागेचा चढ घेतला, की तिथल्या स्पर्शिकेचे समीकरण पुन्हा य − य१ = म (क्ष − क्ष१) असेच लिहायचे. पुढच्या चेनेजला नवा बिंदू, नवा म.